साबणाच्या उरलेल्या चकत्यांना घरातच काम

साबणाची वडी संपत आली की तिची एक पातळ चकती उरते. हातात धरावी तर निसटते, अंगाला लावावी तर मोडते, आणि शेजारी नवी वडी ठेवलेली असताना जुनीकडं कुणी वळूनही बघत नाही. आमच्या घरात आम्ही सातजण. आत्यांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, मैसूर सँडलशिवाय चालत नाही. ह्यांना लाइफबॉय, जावेला पिअर्स, लेकीला डव्ह, आणि बाकीच्यांना दुकानात ज्यावर ऑफर असेल तो. एका मोरीत चार-पाच डब्या, आणि प्रत्येक डबीच्या तळाशी लगद्यात बुडालेली एखादी चकती. त्या चकत्या शेवटी मोरीच्या जाळीत जाऊन बसायच्या आणि पाणी तुंबलं की काडीनं उकरून काढाव्या लागायच्या. वाळवून वजनकाट्यावर ठेवल्या तर 100 ग्रॅमच्या वडीमागं 5 ते 8 ग्रॅम भरतात. सातजणांच्या घरात वर्षाकाठी त्यातून किती वड्या गटारात जातात याचा हिशोब एकदा मनात आला, आणि मग मला ते बघवेना.

सोलापुरात या गोष्टीला आणखी एक बाजू आहे, ती पाण्याची. उजनी धरणाचं पाणी सुमारे 100 किलोमीटरवरून येतं, तेही रोज नाही, काही दिवसांआड. ते पिण्याला आणि स्वयंपाकाला राखायचं आणि आंघोळ, धुणं, भांडी बोअरवर. आमच्या बोळातल्या बोअरचं पाणी जड आहे. बादलीच्या आत पांढरा थर धरतो, नळाच्या तोटीवर खडे चढतात, आणि साबण कितीही घासला तरी फेस म्हणून येत नाही. अकरावीत शिकणाऱ्या लेकीनं दोन बाटल्यांत हे मला दाखवलं. एकीत नळाचं पाणी, दुसरीत बोअरचं, दोन्हींत साबणाचा नखाएवढा तुकडा, आणि सारख्याच वेळ हलवायचं. नळाच्या बाटलीत फेस गळ्यापर्यंत आला. बोअरच्या बाटलीत पाणी दुधट झालं आणि वर पांढरी साय तरंगायला लागली. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरून बसतं आणि त्याचा न विरघळणारा साका होतो. तो साका पुरा झाला की मगच उरलेल्या साबणाचा फेस यायला लागतो. म्हणजे इथं साबण आधीच दुप्पट झिजतो. अशा गावात उरलेली चकती टाकून देणं मला परवडणारं वाटत नाही, पैशानंही नाही आणि मनानंही नाही.

सुरुवात डब्या बदलण्यापासून केली. बंद बुडाच्या डब्या काढून भोकाच्या, पायावर उभ्या राहणाऱ्या जाळ्या आणल्या. वडी दोन आंघोळींच्या मध्ये कोरडी झाली की ती टिकते, लगदा होत नाही. मग कपाटावर एक रिकामी काचेची बरणी ठेवली आणि घरात सांगून टाकलं, चकती उरली की मोरीच्या खिडकीत वाळू द्यायची, खडखडीत झाली की बरणीत. ओली चकती बरणीत टाकली की सगळं एकमेकांना चिकटतं आणि कुबट वास येतो. आपल्या हवेत दोन दिवसांत चकती वाळते, उन्हाळ्यात एका दिवसात.

बरणी भरत आली तेव्हा निवडायला बसले. ज्वारी निवडतो तसं परातीत पसरून. इथं वेष्टणं वाचायची सवय उपयोगी पडली. सगळ्या वड्या दिसायला साबणच, पण वेष्टणावर कुठं 'टॉयलेट सोप' लिहिलेलं असतं, कुठं 'बेदिंग बार'. बारीक अक्षरात टीएफएमचा आकडा असतो. तेलातून आलेला मूळ साबणाचा भाग किती, ते त्यावरून कळतं. भारतीय मानकाप्रमाणं टॉयलेट सोपच्या पहिल्या ग्रेडला तो किमान 76 टक्के लागतो, दुसरीला 70, तिसरीला 60. बेदिंग बारला 40 असला तरी चालतं. ज्यात हा आकडा मोठा, त्याच्या चकत्या वितळवल्यावर चांगल्या एकजीव होतात. कमी आकड्याच्या वडीत भर जास्त असते, ती वितळवली की भुसभुशीत राहते. डव्हचं आणखी निराळं. ती वडी बहुतेक करून नेहमीच्या अर्थानं साबण नसतेच, तिच्या वेष्टणावर सोडियम लॉरॉइल आयसेथिओनेट असं लांबलचक नाव पहिल्याच ओळीत सापडतं. तिचे तुकडे बाकीच्यांत मिसळले की वड्या मऊ पडतात आणि घट्ट धरत नाहीत. म्हणून लेकीचे तुकडे वेगळे. कपडे धुण्याचे आणि भांड्याचे बार तर पहिल्या दिवसापासून वेगळे, ते अंगाला लावायच्या गोष्टीत येताच कामा नयेत. नायट्यासाठी वगैरे डॉक्टरांनी दिलेला औषधी साबण असेल तर तोही नको. ज्याचा त्यानं संपवायचा.

आता वितळवण्याचं सांगते, कारण सगळ्यात जास्त शिकायला तिथंच मिळालं.

इंटरनेटवर साबण करायच्या कृती बघितल्या तर निम्म्यांत कॉस्टिक सोडा असतो. इथं त्याची काही गरज नाही. तेल आणि कॉस्टिक सोडा एकत्र येऊन साबण होतो, सोबत ग्लिसरीन सुटतं, पण ते काम कारखान्यात आधीच झालेलं आहे. आपल्याला तयार साबण फक्त मऊ करून परत घडवायचा आहे. लहान मुलं असलेल्या घरात कॉस्टिकचा डबा आणायची वेळ येत नाही, हे मला या कामातलं सगळ्यात मोठं सुख वाटतं.

एक किलोभर चकत्या जमल्यावर त्या किसल्या. किसणी जुनी घेतली आणि ती आता त्याच कामाला ठेवली आहे. साबणाचा वास किसणीतून जात नाही आणि खोबऱ्याला लागतो. चकत्या फार वाळलेल्या असल्या की किसताना चुरा उडून नाकात जातो, शिंका येतात, म्हणून नाकाला ओढणी बांधायची. पिअर्सच्या चकत्या किसायच्या भानगडीत पडू नये, त्या चिवट असतात. सुरीनं बारीक चिरल्या की झालं.

किसाच्या एका किलोला पाव लिटर पाणी. पाणी नळाचं, बोअरचं अजिबात नाही. पाणी कमी वाटतं आणि हात आणखी ओतायला शिवशिवतात, पण आज घातलेलं प्रत्येक भांडं पाणी पुढं वड्यांतून वाळून बाहेर निघावं लागतं. किस स्टीलच्या पातेल्यात पाणी शिंपडून, कालवून, रात्रभर झाकून ठेवला. ॲल्युमिनियमचं पातेलं घेतलं नाही, साबण अल्कधर्मी असतो आणि त्यानं ते काळं पडतं. सकाळी मोठ्या पातेल्यात पाणी, तळाला रिंग, त्यावर साबणाचं पातेलं, आणि गॅस बारीक. थेट आचेवर ठेवलं तर तळ करपतो आणि वर फेस येऊन उतू जातं.

आत्या दारातून विचारत होत्या, "काय शिजवायलीस गं? वास तर देवळातल्यासारखा येतोय." मैसूर सँडलचे तुकडे जास्त होते, त्या चंदनाचा वास गरम झाल्यावर अख्ख्या घरात पसरला. ती वडी बंगळुरूच्या सरकारी कारखान्यात शंभराहून जास्त वर्षं होते. सोलापूर कर्नाटकाच्या हद्दीला लागून असल्यामुळं आमच्याकडं प्रत्येक किराणा दुकानात ती मिळते आणि आत्यांच्या माहेरीही तीच होती.

तासभर काहीच होत नाही असं वाटतं. किस फक्त फुगतो. लाकडी उलथन्यानं अधूनमधून खालचं वर करायचं, पण घोटायचं नाही. घोटलं की हवा शिरते आणि फेसाळ, हलक्या वड्या होतात. मग हळूहळू कडेनं चमक यायला लागते, किसाचे पांढरे दोरे अर्धपारदर्शक होतात आणि सगळं मिळून घट्ट पिठल्यासारखं पातेल्याला सोडून फिरायला लागतं. त्यापुढं ते पातळ होत नाही. व्हिडिओत दिसतो तसा धारेनं ओतता येणारा साबण या तुकड्यांतून निघत नाही, तो खास वितळवण्यासाठीच बनवलेल्या साबणाचा असतो. आपलं हे चमच्यानं उचलून साच्यात दाबायचं. थोडे गोळे राहतात, राहू द्यावेत. वडी कापल्यावर त्यांचे पांढरे, गुलाबी, पिवळसर ठिपके दिसतात आणि ते मला सुंदर वाटतात.

उतरवायच्या आधी एक चमचा मीठ दोन चमचे गरम पाण्यात विरघळवून घातलं. ही गोष्ट लेकीच्या पुस्तकातून आली. मिठाच्या पाण्यात साबण कमी विरघळतो, त्यामुळं वडी टणक होते. कारखान्यातही साबण वेगळा काढायला मीठच घालतात. मात्र चमच्यापुढं जायचं नाही, जास्त मिठानं साबण फुटून पाण्यापासून सुटा होतो आणि फेसही मरतो. एक चमचा ग्लिसरीन घातलं तर थंडीत त्वचेला बरं पडतं. खोबरेल घालायचा मोह अनेकींना होतो. घातलेलं तेल आता साबण होत नाही, ते तेलच राहतं आणि फेस दाबतं. किलोला एक चमचा, बस.

हळदीचं आत्यांनी सुचवलं. "सणाचा साबण हाय तर हळद घाल की चिमूटभर, अंगाला चांगली." मी एका वडीपुरता गोळा बाजूला काढून त्यात हळद कालवली. पिवळा रंग यायच्या ऐवजी गोळा विटकरी लाल झाला. आत्या क्षणभर बघत राहिल्या आणि मग त्यांनीच सांगितलं, की हळदीचा डाग पडलेल्या लुगड्याला साबण लावला की तो असाच लाल होतो. अगदी तेच. हळद अल्कधर्मी पदार्थात लाल होते, साबण अल्कधर्मी. ती वडी वापरायला काही वाईट नव्हती, पुढं रंग फिका होत गेला. पण पिवळी वडी हवी असेल तर हळदीनं ती मिळायची नाही.

साचे म्हणून श्रीखंडाचे आणि दह्याचे प्लास्टिकचे डबे. आतून तेलाचं बोट फिरवायचं, मिश्रण चमच्याच्या पाठीनं कोपऱ्याकोपऱ्यात दाबायचं आणि डबा ओट्यावर आपटायचा, म्हणजे आतली हवा निघते. दुसऱ्या दिवशी डबा दाबला की गोळा बाहेर येतो. कापायला सुरी घेतली तर कडा तुटतात. आमच्याकडं लूमवरचं पीळदार सूत घरात कायम असतं. त्याचा दोरा दोन्ही हातांत ताणून धरला आणि गोळ्यातून ओढला, की काप आरशासारखा गुळगुळीत नसला तरी सरळ येतो.

वाळवणं हे सोलापूरच्या हवेचं काम. आपल्याकडं उन्हाळ्यात पारा 40 च्या वर जातो आणि हवा कोरडी असते, पापड-कुरडया गच्चीवर घालायच्या सवयीनं हात वड्याही उन्हात ठेवायला जातो. तसं करू नये. उन्हात वरची साल लगेच टणक होते, आत ओल राहते, आणि वडी वाकते, तिला चिरा जातात. पोटमाळ्यावर सावलीत, जाळीवर, वड्यांत बोटभर अंतर सोडून ठेवल्या आणि अधूनमधून उलटत राहिले. तीन-चार आठवडे तरी लागतात, पावसाळ्यात जास्त. वाळली हे कळायची खूण म्हणजे वजन. एकच वडी खुणेची ठेवायची आणि तिचं वजन करत राहायचं. घातलेलं पाणी निघून जाईपर्यंत काटा उतरत राहतो, दोन वजनांत फरक पडेनासा झाला की वडी वापरायला काढावी. घाईनं ओली वडी मोरीत नेली तर ती आठवड्यात विरघळते आणि मग लोक म्हणतात, घरच्या वड्या टिकत नाहीत.

त्याच गॅसवर ह्यांच्यासाठी वेगळा साबण केला, आणि घरात आज सगळ्यात जास्त मागणी त्यालाच आहे. हे लूमवर जॉबर आहेत, म्हणजे मागांची जोडणी-दुरुस्ती बघतात. दिवसभर मशीनचं तेल, वंगण, वर कापसाची बारीक लव, घरी येताना बोटांच्या रेघा काळ्या. आंघोळीच्या साबणानं तो काळेपणा निघत नाही आणि कपड्याच्या पावडरीनं हात फुटतात. लाइफबॉयच्या आणि इतर साध्या तुकड्यांच्या गोळ्यात मी ज्वारीच्या पिठाचा चाळून उरलेला कोंडा घातला, अर्ध्या किलोला दोन मुठी, आणि इथं मात्र खोबरेल हात सैल सोडून दोन चमचे. तेल वंगणाला सोडवतं, कोंडा घासतो, साबण दोन्ही धुऊन नेतो. कोंडा आधी कढईत कोरडा भाजून घेतला, म्हणजे ओल उरत नाही. तरी धान्यच ते, वडी सतत ओली राहिली तर बुरशी धरेल, म्हणून लहान लहान वड्या करायच्या आणि एका वेळी एकच बाहेर काढायची. कारखान्यात हात धुवायच्या जागी ती टांगून ठेवलेली असते. बाकीचे कामगारही मागून नेतात.

पातळ हँडवॉशचं मात्र मी कुणाला सांगणार नाही. 50 ग्रॅम किस एक लिटर गरम पाण्यात विरघळवला की रात्रीतून त्याचा तार सुटणारा बुळबुळीत जेल होतो. पंपात अडकतो, हाताला लागतो तेव्हा अर्धा खाली पडतो. वडीचा साबण सोडियमचा असतो, तो थंड झाला की घट्ट व्हायलाच बघतो. बाजारातला खरा पातळ साबण पोटॅशियमचा करतात. शिवाय पाणी मिसळलेल्या साबणात टिकाऊपणासाठी काही घातलेलं नसतं, आठवड्यानं वास बदलतो. काही ठिकाणी त्यात लिंबू किंवा व्हिनेगर घालायला सांगतात. मी वाटीभर घेऊन मुद्दाम घालून बघितलं. लिंबू पडताक्षणी सगळं फाटलं, वर तेलकट पांढरे गोळे आणि खाली पाणी. आम्लानं साबण मोडतो आणि मूळचं चरबीचं आम्ल परत वर येतं. त्यानं काहीही स्वच्छ होत नाही.

किसायचे, वितळवायचे कष्ट न घेता चकत्या जशाच्या तशा कामाला येतात अशा जागाही घरात निघाल्या. माझी नणंद युनिफॉर्मच्या कारखान्यात कटिंगला आहे. सोलापूर आता चादरी-टॉवेलइतकंच शाळेच्या युनिफॉर्मसाठीही ओळखलं जातं. गडद निळ्या कापडावर पेन्सिल दिसत नाही आणि खडूची पूड उडते. तिथं साबणाची पातळ वाळलेली चकती घेतात, ब्लेडनं कड धारदार करतात आणि रेघ मारतात. रेघ पांढरी, बारीक, आणि पाणी लागलं की गेली. नणंदेनं मला एक गोष्ट बजावून सांगितली, या कामाला पांढरा, कोरडा, साधाच साबण हवा. पिअर्स किंवा क्रीमवाल्या वडीची रेघ इस्त्री फिरली की तेलकट डाग होऊन कापडात बसते. तेव्हापासून पांढऱ्या चकत्या निवडून मी तिच्यासाठी वेगळ्या पुडीत ठेवते.

वाकळ शिवताना सुई जाड थरांतून जात नाही तेव्हा ती साबणाच्या तुकड्यात खुपसून काढायची, सुळकन जाते. आत्या हे पूर्वीपासून करतात. पावसाळ्यात लाकडी दार फुगून चौकटीला घासतं, कपाटाचा खण अडकतो, पिशवीची चेन धरते, तिथंही चकती फिरवली की भागतं. तेल लावलं तर धूळ चिकटते, साबणाला तेवढी चिकटत नाही. आणि वासाच्या चकत्या, चंदनाच्या विशेषतः, कपाटात ठेवणीतल्या चादरींच्या घडीत. कापडात गुंडाळून ठेवायच्या, नुसत्या नाही.

जास्वंदीवर पांढरा पिठ्या ढेकूण पडतो, त्याला साबणाचं पाणी लागू पडतं. साबणानं किड्याच्या अंगावरचं मेणाचं कवच सुटतं, पण थेंब किड्याला लागायला हवा, नुसत्या पानाला लागून काही होत नाही. एक लिटर नळाच्या पाण्यात 5 ग्रॅम किस, त्याहून कडक नको. आधी एका पानावर मारून एक दिवस वाट बघायची, कारण आंघोळीच्या साबणात वास आणि रंग असतात आणि काही झाडांची पानं त्यानं करपतात. फवारा संध्याकाळी. सोलापूरच्या दुपारी तो मारला तर झाड जाईल. सकाळी साध्या पाण्यानं पानं धुऊन टाकायची.

कपड्याच्या आणि भांड्याच्या बारचे तुकडे गरम पाण्यात भिजवून त्या पाण्यानं अंगणातली शहाबादी फरशी आणि मोरी घासते. झाडांना ते पाणी जाऊ देत नाही.

शेजारच्या अक्कांनी एक शंका काढली आणि ती रास्त होती. "चार जणांच्या अंगाला लागलेला साबण, त्याचं परत अंगाला कसं लावायचं ओ?" यावर मी बरंच वाचलं. 1988 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात साबणाच्या वड्यांना मुद्दाम जंतू लावले होते आणि 16 जणांना त्यांनी हात धुवायला सांगितले होते. धुतल्यानंतर त्यांच्यातल्या एकाच्याही हातावर ते जंतू आढळले नाहीत. माझं स्वतःचं मत असं, की घरातल्या घरात घाबरायचं कारण नाही, मात्र कुणाला खरूज, नायटा, उघडी जखम असेल तर त्याचा साबण या सगळ्यातून बाहेर. तान्ह्या बाळाला असली मिश्र वडी लावायची नाही, कशात काय वास आहे ते आपल्यालाही नक्की माहीत नसतं. आणि पाहुण्यांसाठी नवीनच वडी काढायची.

एवढं सगळं करून झाल्यावर रोजच्या वापरात टिकलं ते सगळ्यात सोपं, टॉवेलच्या कापडाची पिशवी. वितळवायला गॅस जातो, अर्धा दिवस जातो, म्हणून ते वर्षातून एक-दोनदा, किलोभर जमलं की. पिशवीला काहीच लागत नाही. मी घरी टॉवेलच्या कडा शिवायचं काम घेते, त्यामुळं कटपीस घरातच असतात. ज्यांच्याकडं नसतील त्यांना टॉवेलच्या कारखान्यांच्या आसपास सेकंडचा माल आणि कापलेल्या पट्ट्या किलोवर मिळतात. सोलापूरच्या चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, आणि त्याच टॉवेलच्या चिंध्यांत आपल्या मोरीतला साबण पुरा संपतो, याचं मला फार समाधान वाटतं.

पट्टी 12 सेंटीमीटर रुंद आणि 34 लांब घ्यायची. मधोमध दुमडून दोन्ही बाजू शिवायच्या, वर नाडीसाठी दोन सेंटीमीटरची पट्टी मुडपायची. टेरीच्या कापडाला दोन्ही अंगांना फंदे असतात. एका अंगाचे आखूड, दाट असले तर ते बाहेर ठेवायचे आणि लांब, सैल आत. तळाला दुहेरी शिलाई, कारण ओल्या साबणाचं वजन तिथं बसतं. आत मूठभर चकत्या, लहानमोठ्या, आंघोळीच्या कुठल्याही. डव्हचे वेगळे काढलेले आणि पिअर्सचे चिवट तुकडेही इथं चालतात. पिशवी ओली करून तळहातावर चोळली की फंद्यांत हवा अडकते आणि बोअरच्या त्याच जड पाण्यात नुसत्या वडीला येत नाही तेवढा फेस येतो. चकत्या आत एकमेकींना धरतात, त्यांचा एक गोळा होतो, तो बारीक होत जातो आणि शेवटच्या कणापर्यंत संपतो. मोरीच्या जाळीत काही जात नाही. वरून पुन्हा चकत्या टाकायच्या.

फक्त पिशवी टांगलेली हवी, कोपऱ्यात पडलेली नको. आणि जड पाण्याचा साका फंद्यांत बसत जातो, कापड हळूहळू चरबट लागायला लागतं. तेव्हा ती रिकामी करून, उलटी करून, गरम पाण्यात एक चमचा धुण्याचा सोडा घालून तासभर बुडवून ठेवायची. सोड्यानं साका सुटतो, मग चोळून धुवायची आणि उन्हात. हे ऊन मात्र कडकच हवं. अक्कांनी त्यांच्या लेकीसाठी पिशव्या मागितल्यात, त्या शिवायला घेतल्यात. सुती नाडी मोरीच्या ओलीत दोन महिन्यांत कुजते असं दिसलं, म्हणून या खेपेला नाडी नायलॉनची घालतेय.